वाचकांचे प्रश्न : मुलांच्या हाडाचा कर्करोग आणि पाय वाचवण्याची शस्त्रक्रिया

या वेळी एकाच विषयावरची पाच पत्रे निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे अर्थातच दिलेली नाहीत आणि पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत. उत्तरे मात्र सारख्या लांबीची नाहीत, कारण दुसऱ्या पत्रातला पेच सर्वांत अवघड आहे.

प्रश्न : माझा मुलगा १३ वर्षांचा आहे. तीन महिन्यांपूर्वी क्रिकेट खेळताना पडला, तेव्हापासून गुडघ्याच्या वर दुखते. गावातल्या हाडवैद्यांकडून दोनदा चोळून घेतले. सूज वाढली म्हणून एक्स-रे काढला, तर हाडात गाठ दिसते असे सांगितले. तालुक्याचे डॉक्टर परवाच तुकडा काढून तपासायला पाठवू म्हणतात. सासूबाई म्हणतात, सुई लागली की गाठ पसरते. काय करावे? — एक आई, सांगोला तालुका

उत्तर : सर्वप्रथम चोळणे आणि शेकणे पूर्णपणे थांबवावे आणि मुलाला त्या पायावर भार देऊ देऊ नये. कुबड्या आणाव्यात, कारण गाठीने पोखरलेले हाड न्हाणीघरात पाय घसरल्याच्या निमित्तानेही मोडते आणि मोडले की पुढची शस्त्रक्रिया अवघड होऊन बसते. पडल्यामुळे गाठ झाली, असे मनात धरू नका. मुले रोजच पडतात. पडल्यामुळे दुखऱ्या जागेकडे घरच्यांचे लक्ष गेले, एवढाच त्याचा संबंध असतो. दोन-तीन आठवडे टिकलेले, विशेषतः रात्री झोपेतून उठवणारे दुखणे आणि एकाच जागी वाढत जाणारी सूज असेल तर एक्स-रे काढायलाच हवा, हे इतर वाचकांनीही ध्यानात घ्यावे. मुले झपाट्याने उंच होतात त्याच वयात, गुडघ्याच्या वर किंवा खाली, हा आजार सर्वाधिक आढळतो. म्हणून ‘वाढीचे दुखणे’ म्हणून तो कैकदा झाकला जातो.

आता सुईविषयी. बायॉप्सीवाचून, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासल्यावाचून, निदान नाही आणि निदानावाचून उपचार नाही. नीट केलेल्या बायॉप्सीमुळे कर्करोग अंगभर पसरत नाही. तरीही आपल्या सासूबाईंची भीती मी सरसकट खोडून काढणार नाही, कारण सुई किंवा छेद ज्या वाटेने गाठीपर्यंत जातो, त्या वाटेवर रोगाच्या पेशी सांडलेल्या असू शकतात. म्हणून पुढे मोठी शस्त्रक्रिया करताना ती संपूर्ण वाट, कातडीवरच्या खुणेसकट, गाठीबरोबर काढून टाकावी लागते. अंतिम छेद कुठून घ्यायचा आहे, कोणता स्नायू जाणार आहे आणि कोणती नस (मज्जातंतू) वाचवायची आहे, हे ज्याच्या डोक्यात आहे त्यानेच ही वाट आखायची असते. माझ्याकडे एकदा एक मुलगी आली, तिच्या गुडघ्याच्या वर चार बोटे लांबीचा आडवा छेद होता. काम एका भल्या डॉक्टरांनी सद्‌हेतूनेच केले होते. पण उभ्या छेदाबरोबर एक अरुंद पट्टी काढून जे भागले असते, त्यासाठी आम्हाला मांडीच्या पुढच्या भागाची कातडी आणि स्नायू बऱ्याच प्रमाणात काढावे लागले आणि उघडी पडलेली जागा दुसरीकडचे मांस वळवून झाकावी लागली.

तेव्हा परवाची बायॉप्सी नम्रपणे थांबवावी आणि जिथे हाडांच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया नियमित होतात अशा रुग्णालयात आठवड्याच्या आत मुलाला न्यावे. तिथे आधी संपूर्ण मांडीचा एमआरआय होईल. तो बायॉप्सीच्या अगोदर होणे चांगले, कारण नंतर जमलेल्या रक्तामुळे आणि सुजेमुळे गाठीची खरी हद्द चित्रात पुसट होते. बायॉप्सी बहुधा जाड सुईनेच होईल. छातीचा सीटी स्कॅनही होईल, कारण हा रोग पसरलाच तर बहुतेक वेळा प्रथम फुप्फुसात जातो. कुठे तपासणी झालीच असेल तर नुसता अहवाल पुरत नाही; काढलेल्या तुकड्याच्या काचेच्या स्लाइड आणि तो जतन केलेले मेणाचे ब्लॉकही मागून घ्यावेत. ते मागणे हा आपला हक्क आहे.

प्रश्न : माझी मुलगी ९ वर्षांची आहे. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला ऑस्टिओसार्कोमा (हाडाचा कर्करोग) आहे. केमोची (कर्करोगाच्या औषधांची) तीन आवर्तने झाली असून आता ऑपरेशन ठरते आहे. डॉक्टरांनी तीन मार्ग सांगितले : लांब होणारे इम्प्लांट (आत बसवायचा धातूचा सांधा), पाय उलटा फिरवून जोडणे, किंवा मांडीतून पाय काढणे. उलट्या पायाचे चित्र पाहून तिची आई रडू लागली. माझे थोरले बंधू म्हणतात, पाय ठेवला तर रोग परत येईल, एकदाचा काढून टाका. ऑपरेशन सुरुवातीलाच का केले नाही, हेही कळत नाही. — एक वडील, जळगाव

उत्तर : शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिच्यात आपल्या बंधूंच्या शंकेचेही उत्तर दडलेले आहे. सन १९७०च्या सुमारापर्यंत या आजारात पाय ताबडतोब कापला जाई आणि तरीही पाचांपैकी चार मुले पुढे फुप्फुसातल्या गाठींनी दगावत. याचा अर्थ असा, की निदान होते तेव्हाच, कोणत्याही चित्रात न दिसणाऱ्या पेशी रक्तातून बाहेर पडलेल्या असतात आणि पाय कितीही वरून कापला तरी त्यांचे काही बिघडत नाही. त्यांना केमोनेच मारावे लागते. केमो आल्यावर, निदानाच्या वेळी रोग पसरलेला नसेल तर, शंभरांपैकी साठ ते सत्तर मुले पाच वर्षांनंतर हयात असतात. शस्त्रक्रियेच्या आधी केमो देण्याची पद्धत न्यूयॉर्कमध्ये पडली आणि तिचे मूळ कारण मोठे व्यावहारिक होते : मुलाच्या मापाचा धातूचा सांधा कारखान्यातून बनून यायला काही महिने लागत, तोवर हातावर हात ठेवून बसायचे कसे, म्हणून केमो सुरू केली गेली. मग लक्षात आले, की त्या काळात गाठीभोवतीची सूज ओसरते, गाठीची कड कठीण आणि स्पष्ट होते, आणि काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की औषध किती लागू पडले हेही कळते. नव्वद टक्के किंवा त्याहून अधिक गाठ मेलेली आढळली तर तो चांगला प्रतिसाद मानतात. शस्त्रक्रियेनंतर जखम भरताच, साधारण दोन-तीन आठवड्यांत, उरलेली केमो सुरू होते. तिला उशीर होऊ नये यासाठी जखम सुखरूप भरणे फार महत्त्वाचे असते.

पाय ठेवला तर रोग परत येईल का? गाठ सभोवतालच्या निरोगी मांसाच्या आवरणासह, तिला कुठेही न उघडता, एकसंध निघत असेल, तर पाय ठेवल्याने आयुष्य घटत नाही. त्याच जागी रोग पुन्हा उद्भवण्याचा धोका कापण्यापेक्षा थोडा अधिक असतो, तो शून्य आहे असे मी म्हणणार नाही; पण एकंदर जगण्याच्या शक्यतेत फरक दिसलेला नाही. आज दहांपैकी साधारण नऊ मुलांचा अवयव वाचवता येतो. गाठीने मुख्य नस आणि मुख्य रक्तवाहिनी दोन्ही वेढल्या असतील, गाठ कातडी फोडून बाहेर येऊन चिघळली असेल, किंवा केमो चालू असतानाही ती वाढतच असेल, तर मात्र पाय काढणे हाच शहाणपणाचा मार्ग असतो. आपल्या मुलीच्या बाबतीत डॉक्टरांनी पहिले दोन मार्ग समोर ठेवले आहेत, त्यावरून गाठ तशी नसावी.

आता खरा पेच वाढीचा आहे. मांडीचे हाड मुख्यतः गुडघ्याजवळच्या टोकाने वाढते. तिथल्या वाढीच्या कूर्चेतून वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर लांबी मिळते आणि ती कूर्चा गाठीबरोबर जाणार आहे. मुलींची उंची साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास थांबते, म्हणजे आपल्या मुलीच्या दोन पायांत अखेर चार-पाच सेंटिमीटरचा फरक पडेल, नडगीच्या वरच्या कूर्चेला धक्का लागला तर त्याहूनही अधिक. हीच मुलगी १३ वर्षांची असती तर मोठ्यांचे साधे इम्प्लांट बसवून आणि चपलेला थोडी उंची देऊन भागले असते. नऊ वर्षांच्या मुलीला तसे चालणार नाही.

लांब होणाऱ्या इम्प्लांटचे दोन प्रकार आहेत. एकात दर काही महिन्यांनी लहानसा छेद घेऊन आतला स्क्रू पेचकसाने फिरवतात. दुसऱ्यात धातूच्या दांड्यात चुंबक आणि दातेरी चक्रे असतात; मूल जागे असतानाच पाय विजेच्या गोल वेटोळ्यात ठेवतात, बाहेरचे चुंबकीय क्षेत्र फिरू लागले की आतला चुंबक फिरतो आणि साधारण चार मिनिटांत दांडा एक मिलिमीटर लांब होतो. एका बैठकीत चार-पाच मिलिमीटर वाढवतात, भूल लागत नाही, मूल बहुधा मोबाइलवर काहीतरी पाहत असते. हा दुसरा प्रकार परदेशातून येतो, तो फार महाग असतो, आणि चुंबकामुळे पुढे एमआरआय करण्यावर बंधने येतात. पहिला प्रकार भारतातही बनतो, पण प्रत्येक छेद म्हणजे जंतूंना उघडलेले दार. दोन्हींत मूल मोठे झाल्यावर इम्प्लांट बदलावे लागते, आणि आयुष्यभरात तशी वेळ पुन्हा पुन्हा येते. बाहेरून पाय पायासारखा दिसतो, हा त्याचा मोठा गुण आहे आणि तो क्षुल्लक नाही. लग्नाच्या बाजारात मुलीच्या पायाकडे कसे पाहिले जाते हे आपल्याला ठाऊक आहे. ते आवडो वा न आवडो, आईच्या रडण्यात तेही आहे.

उलट्या पायाची शस्त्रक्रिया, जिला रोटेशनप्लास्टी म्हणतात, ती पाहायला विचित्र आणि समजून घ्यायला अतिशय तर्कशुद्ध आहे. मांडीचा खालचा भाग गुडघ्यासह काढतात, मात्र पायाकडे जाणारी मोठी नस अखंड ठेवतात. मग खालचा पाय अर्धा फेरा वळवून वर आणतात आणि नडगीचे हाड मांडीच्या उरलेल्या हाडाला जोडतात. पाऊल मागच्या बाजूला तोंड करून राहते आणि घोटा दुसऱ्या पायाच्या गुडघ्याच्या पातळीला येतो. आता घोटाच गुडघ्याचे काम करतो : मुलगी चवडा ताणते तेव्हा कृत्रिम पाय सरळ होतो, चवडा वर ओढते तेव्हा तो दुमडतो. ही कल्पना जुनी आहे. बोर्ग्रेव्ह या जर्मन सर्जनने १९३० साली क्षयाने गुडघा निकामी झालेल्या एका मुलावर केलेल्या अशा शस्त्रक्रियेची नोंद केली, पुढे १९५० साली व्हॅन नेस यांनी ती जन्मजात आखूड मांडीसाठी वापरली, आणि १९७०च्या दशकात व्हिएन्नाच्या सर्जनांनी ती कर्करोगाकडे वळवली.

तिचे फायदे मी जरा आग्रहानेच सांगतो, कारण चित्र पाहून पालक इथेच ऐकणे बंद करतात. वजन मुलीच्या स्वतःच्या हाडावर आणि स्वतःच्या पावलावर पडते. तळव्याची संवेदना शाबूत असते, म्हणून चालताना जमीन ‘कळते’. आत सैल होणारे किंवा झिजणारे यंत्र नसते. हाड एकदा सांधले की बहुतेकींना पुन्हा शस्त्रक्रिया लागत नाही. फक्त बाहेरचा कृत्रिम पाय वाढीबरोबर बदलत राहावा लागतो. धावणे, उड्या मारणे, फुगडी घालणे यांवर इम्प्लांटइतकी बंधने नसतात. नस कापलेली नसल्यामुळे, मांडीतून पाय काढल्यावर कित्येकांना न उरलेल्या पावलात ज्या वेदना होतात, त्या इथे सहसा होत नाहीत. मांडीतून कापलेल्या पायापेक्षा चालण्यासाठी श्रमही कमी लागतात. उणीव एकच, पण ती रोज दिसणारी : कृत्रिम पाय उतरवल्यावर पाऊल उलटे दिसते.

आपल्या जागी मी असतो तर काय केले असते, असे आपण विचारलेले नाही, पण पत्राचा सूर तोच आहे. मुलगी चपळ असेल, घर गावात असेल, रुग्णालय आठ तासांवर असेल आणि वारंवार शस्त्रक्रियांचा खर्च झेपणारा नसेल, तर माझा कल रोटेशनप्लास्टीकडे आहे. मुलगी शांत, अभ्यासात रमणारी असेल, दिसण्याविषयी हळवी असेल आणि दर तीन-चार महिन्यांनी रुग्णालयात येणे जमणारे असेल, तर इम्प्लांट. निर्णयापूर्वी एक गोष्ट मात्र अवश्य करावी. आपल्या सर्जनना विनंती करून, दोन्ही प्रकारच्या शस्त्रक्रिया होऊन काही वर्षे झालेल्या मुलांची प्रत्यक्ष भेट घ्यावी, आणि त्या भेटीला मुलीला बरोबर न्यावे. माझ्या बाह्यरुग्ण विभागात अशीच एक भेट ठरवली होती. मोठी माणसे खुर्च्यांवर अवघडून बसली होती. आठ वर्षांच्या नव्या मुलाने मात्र उलट्या पावलाच्या अंगठ्याला हात लावून ‘हलवून दाखव’ म्हटले, दुसऱ्याने हलवून दाखवला, आणि पुढचा अर्धा तास दोघे व्हरांड्यात होते.

प्रश्न : माझ्या १० वर्षांच्या भाच्याला मांडीच्या हाडाच्या मधोमध युइंग सार्कोमा (हाडाचाच एक वेगळा कर्करोग) आहे. डॉक्टर म्हणतात, रोगी हाड काढून त्याला रेडिएशन देऊ आणि तेच हाड परत बसवू. कर्करोगाचे हाड पुन्हा अंगात घालायचे, हे आम्हा कुणालाच पटत नाही. — एक मामा, फोंडा, गोवा

उत्तर : न पटणे स्वाभाविक आहे, पण पद्धत पक्की आहे आणि मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात ती बरीच वर्षे वापरात आहे. हाडाचा तुकडा बाहेर काढल्यावर त्यावरचे सर्व मांस आणि गाठीचा मऊ भाग खरवडून काढतात, आतली मज्जाही साफ करतात. मग तुकडा निर्जंतुक आवरणांत गुंडाळून रेडिएशन विभागात पाठवतात आणि त्याला एकाच वेळी ५० ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) इतका किरणांचा मारा देतात. शरीरातल्या अवयवाला इतकी मात्रा एका दमात कधीच देता येत नाही. रुग्णाला ती अनेक आठवड्यांत वाटून द्यावी लागते. इथे आजूबाजूला जपायला कातडी नाही, नस नाही, म्हणून हात आखडता घ्यावा लागत नाही. या माऱ्यातून एकही पेशी, चांगली वा वाईट, जिवंत राहत नाही. म्हणजे परत येते ते कर्करोगाचे हाड नव्हे, तर हाडाच्या आकाराचा एक मृत साचा, जो मुलाच्या मापाला तंतोतंत जुळतो. जपानमध्ये याच कामासाठी हाड उणे १९६ अंश सेल्सियसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवतात.

तुकडा परत येईपर्यंत शस्त्रक्रियागृहात जखम ओल्या कपड्याने झाकून सर्वजण थांबलेले असतात. तेवढा वेळ बाहेर बसलेल्या नातेवाइकांना ‘अजून का आटोपत नाही’ असे वाटून घाबरायला होते, म्हणून हे आधीच सांगतो.

गाठ हाडाच्या मधल्या भागात असल्यामुळे वरचा खुबा आणि खालचा गुडघा, तसेच दोन्हीकडच्या वाढीच्या कूर्चा वाचण्याची चांगली शक्यता आहे, आणि मुलासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. अडचण पुढे येते. हा मृत साचा दोन्ही टोकांना जिवंत हाडाशी सांधावा लागतो आणि हे काम संथ चालते. सांध्याजवळच्या टोकाला काही महिने, तर हाडाच्या मधल्या टोकाला त्याहून अधिक, कधी वर्षभरही. ते लवकर व्हावे म्हणून काही वेळा दुसऱ्या पायातले पोटरीचे बारीक हाड रक्तवाहिनीसह काढून या साच्याच्या आत बसवतात. हाड जुळेपर्यंत भाच्याने पायावर भार देऊ नये, हे घरातल्या सर्वांनी पाळायचे आहे. दुखत नाही म्हणून मुले चालू लागतात, आणि हाड धरून ठेवणारी धातूची प्लेट मोडते. गाठीने हाड फारच पोखरले असेल तर मात्र ही पद्धत चालत नाही, कारण साचा वजन पेलण्याइतका भक्कम असावा लागतो.

प्रश्न : मुंबईत सहा-आठ महिने राहावे लागेल असे सांगतात. मी रोजंदारीवर आहे. मुलाची सातवी बुडेल. कुठून सुरुवात करू? — एक वडील, गोंदिया

उत्तर : रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्यांकडून, आणि पहिल्याच दिवशी. रेशनकार्ड आणि मुलाचे व आपले आधारकार्ड बरोबर ठेवावे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची केमो व शस्त्रक्रिया बसते. इम्प्लांटचा किती भाग बसतो आणि उरलेल्यासाठी मुख्यमंत्री सहायता निधी किंवा धर्मादाय न्यासांकडे अर्ज कसा करायचा, हे तेच लिहून देतील. इम्प्लांटची तारीख ठरण्याआधी पैसे मंजूर व्हावे लागतात, म्हणून केमो चालू असतानाच अर्ज गेला पाहिजे. राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती आणि लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड ही संस्था यांच्याकडे जागा मिळू शकते, मात्र रुग्णालयाचे पत्र लागते. शाळेच्या मुख्याध्यापकांना आजाराचे प्रमाणपत्र देऊन नाव पटावरून कमी होणार नाही एवढे पाहावे. उपचार संपल्यावर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्रही काढून घ्यावे. पाय वाचला असला तरी ते मिळू शकते आणि पुढे परीक्षेत वाढीव वेळेसाठी उपयोगी पडते. त्यात कमीपणा मानू नये.

प्रश्न : मी २० वर्षांचा आहे. चौदाव्या वर्षी गुडघ्याचे इम्प्लांट बसवले. रोग परत आलेला नाही. मांडी घालून जेवायला बसावे का? कबड्डी खेळावी का? दाढ काढायची आहे, भीती वाटते. आणि घरच्यांबरोबर पंढरीच्या वारीला चालत जाऊ शकतो का? — एक विद्यार्थी, बारामती

उत्तर : मांडी घालणे आणि उकिडवे बसणे टाळावे. आतला गुडघा बिजागरीसारखा आहे. तो वाकतो आणि थोडा वळतो, पण मांडी घालताना जो पीळ पडतो तो बिजागरीतल्या प्लास्टिकच्या बुशवर आणि हाडात रोवलेल्या दांड्यावर येतो. घरात खुर्ची आणि पाश्चात्त्य पद्धतीचे शौचालय वापरावे. पंगतीत एखादे दिवशी पाय पुढे पसरून बसलात तर कुणी रागावणार नाही. कबड्डी नको. सायकल आणि पोहणे उत्तम, मोटारसायकल चालवता येते, पण किक मारण्याऐवजी बटणाची घ्यावी.

दाढ काढण्याआधी दंतवैद्यांना इम्प्लांटविषयी सांगावे आणि प्रतिजैविक हवे की नको हे आपल्या सर्जनना फोन करून ठरवावे. धातूवर एकदा जंतू बसले की नुसत्या औषधाने ते सहसा निघत नाहीत. म्हणून दाताचा गळू, नखुरडे, पायाची चिघळलेली जखम यांपैकी काहीही अंगावर काढू नये. गुडघा अचानक गरम झाला, सुजला किंवा ताप आला, तर गावातून प्रतिजैविकाच्या गोळ्या घेऊ नयेत; त्यामुळे गुडघ्यातले पाणी तपासले तरी जंतू सापडत नाहीत आणि योग्य औषध ठरवता येत नाही. त्याच दिवशी सर्जनकडे जावे. चालताना मांडीत नवे दुखणे सुरू झाले तर दांडा सैल होत असू शकतो, एक्स-रे काढावा. सहा वर्षे झाली म्हणून वार्षिक तपासणी चुकवू नये. तीत छातीचा एक्स-रे असतोच, आणि केमोत डॉक्सोरुबिसिन हे औषध दिले असेल तर अधूनमधून हृदयाचा इकोही करून घ्यावा.

वारीचे म्हणाल, तर आळंदी ते पंढरपूर हे अडीचशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर सलग चालणे मला मान्य नाही. पालखी आपल्या भागातून जाईल तेव्हा एक सपाट टप्पा चालून पाहावा, दिवे घाटाची चढण सोडून द्यावी, पुढचा प्रवास दिंडीच्या गाडीतून करावा. पायात मात्र बूट हवेत. आषाढातल्या चिखलात अनवाणी चालायचा नवस कुणी बोलला असेल, तर तो फेडण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कुणावर सोपवावे.